न उमललेल्या फुलाचा वास

१

आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या बाहेर, कामोगी या बायकांच्या हॉकीसारख्या खेळाच्या मैदानाला लागून असलेल्या हॉलमध्ये मराठी मंडळींची पंगत नुकती बसली होती. स्वरांगीने दुसरा घास तोंडात घातला, तो तसाच धरून ती थांबली आणि तिचा हात गळ्याकडे गेला.

डॉक्टर नंदिनी तिच्या समोरच बसल्या होत्या. भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचा जन्म माणसांचे श्वास मोजण्यात गेला होता, त्यामुळे बाकीच्यांना 'ठसका लागला' असं वाटत होतं तोवर त्या उठल्याही होत्या. स्वरांगीचे ओठ सुजले होते, गळ्यावर लाल गांध्या उठल्या होत्या आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येत होता.

"काजू!" तिचा नवरा केदार ओरडला. "कशात तरी काजू होते! तिला काजू चालत नाहीत!"

"तिचं इंजेक्शन कुठाय?"

"पर्समध्ये. खणाची पिशवी आहे, त्यात इंजेक्शनचं पेन असतं."

पर्स स्वयंपाकघरातल्या कपाटात होती. केदारने ती आणून टेबलावर उपडी केली. फोन, पाकीट, गाडीची किल्ली, रुमाल, सगळं बाहेर पडलं. खणाची पिशवी मात्र पडली नाही.

नंदिनींनी स्वरांगीला जमिनीवर आडवं करून पाय उंच धरले आणि ऑपरेशन थिएटरमध्ये कधी लावत नसत असा आवाज लावला. "निळी खणाची पिशवी कुणी पाहिली? कुणी उचलून ठेवली असेल तर आत्ता द्या! त्यात तिचं इंजेक्शन आहे!"

कुणी खाली वाकून टेबलाखाली बघितलं, कुणी मुलांच्या दप्तरात हात घातला. पिशवी काही आली नाही. स्वरांगीचे डोळे नंदिनींवर खिळले होते आणि त्यांतली ओळख हळूहळू पुसट होत चालली होती.

ती वाचली ती शेजारच्या मैदानामुळे. केदार धावत सुटला तो थेट कामोगी खेळणाऱ्या मुलींच्या घोळक्यात घुसला. तिथली ब्रीद नावाची प्रशिक्षक आपल्या एका खेळाडूसाठी असंच पेन जवळ बाळगायची. ती कुंपणावरून उडी मारून आली आणि नंदिनींनी ते पेन स्वरांगीच्या मांडीत टोचलं. "यू आर ग्रँड, पेट, यू आर ग्रँड," असा धीर देत ब्रीद तिचे केस मागे सारत राहिली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा शिट्टीचा आवाज थांबला होता.

गर्दी पांगल्यावर नंदिनी त्या उपड्या पर्सकडे पाहत उभ्या राहिल्या. पाकीट होतं, फोन होता. ज्याच्यावाचून स्वरांगी मेली असती तेवढंच नेमकं गेलं होतं.

२

काजूचा उलगडा त्याच संध्याकाळी झाला, आणि तो नंदिनींच्या स्वतःच्या घरात.

त्यांचे यजमान उल्हास पोर्टलीशमध्येच डॉक्टर होते आणि हौशी स्वयंपाकी होते. पंगतीतली व्हेज कोल्हापुरी त्यांची. घरी आल्यावर त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून ग्रेव्हीची रिकामी बरणी काढली, चष्मा लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि खाली बसले.

"काजूची पेस्ट आहे यात," ते म्हणाले. "नेहमीची बरणी मिळाली नाही, म्हणून दुसरी उचलली. वाचली नाही गं मी. ती पोर माझ्या हातानं..."

नंदिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. उल्हास रडताना त्यांनी क्वचितच पाहिले होते. त्यांना त्यांची दया आली, आणि त्या दयेला चिकटून मनाला न शोभणारा एक विचार आला. माझ्यासाठी हा इतका कधी रडला होता?

स्वरांगीचं नाव त्या घरात गेले काही महिने फार निघत होतं. ती पुण्याहून वनस्पतिरोगशास्त्र शिकून आली होती आणि जवळच्या एका शेती संशोधन केंद्रात थिसल नावाच्या काटेरी तणावर काम करत होती. उल्हासना तिच्या कामाचं भारी अप्रूप. "काय डोकं आहे त्या मुलीचं!" हे वाक्य चहाबरोबर यायचं. नंदिनी हसून घ्यायच्या. पण हसताना गाल थोडे ताठ व्हायचे, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलमध्ये स्वरांगीला भेटल्या. तिची सूज उतरली होती, आवाज मात्र घोगरा होता.

"ताई, केदारनं आज सकाळी आमच्या डायरेक्टरना फोन केला," ती म्हणाली. "आमच्या केंद्रातल्या परेशनं पिशवी चोरली असं सांगितलं. त्यांनी परेशला चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको म्हटलंय. त्याचा व्हिसा या नोकरीवर आहे. उद्या केदार गार्डांकडे, पोलिसांत जाणार म्हणतोय."

"तुला काय वाटतं?"

"परेशचा माझ्यावर राग आहे, हे खरं. पण मला मारण्याइतका? ताई, तुम्ही विचारा ना सगळ्यांना. तुमच्याशी लोक खरं बोलतात."

नंदिनी लिफ्टपाशी पोचल्या आणि तिथेच थबकल्या. काजू चुकून पडले होते. उल्हाससुद्धा त्याविषयी अनभिज्ञ होते. मग ज्यानं पिशवी घेतली त्याला पुढे काय घडणार हे कसं ठाऊक असेल? आणि ठाऊक नसेल, तर त्याला इंजेक्शन नकोच होतं.

मग त्या पिशवीतलं काय हवं होतं?

३

जेवणाआधी स्वयंपाकघरात ये-जा करणारी माणसं चारच होती. नंदिनींनी सुरुवात केदारच्या घरापासून केली.

केदारची आई सुरेखाकाकू सांगलीहून उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या. त्या दिवशी हॉलमध्ये त्या भजी तळत होत्या, म्हणजे कपाटाला जवळजवळ पाठ लावून.

"मी कशाला हात लावू सुनेच्या पर्सला?" त्या लगेच उसळल्या. "ती औषदाची पिशवी हाय, हे मला ठावं हाय. मला ती आवडत न्हाई असं म्हणत असतील लोक. तर खरं हाय, समदं न्हाई आवडत. दिसभर त्या काट्यात असती. घरला येती ती बी काट्याचंच बोलत. माझा केदार चार-चार तास गाडी हाकून ब्लँचर्डस्टाउनला कामाला जाऊन येतो, त्याला इचारायला कोन न्हाई. पन म्हनून काय जीव घीन व्हय डॉक्टरीनबाई?"

"कपाटाकडे कोण कोण आलं, आठवतं?"

"केदार आला, थंड प्यायला घ्यायला. तो परेश खुर्च्या घिऊन मागच्या दारानं. त्येची बायको काकडी चोचवत हुती माझ्या शेजारी. आनि मी कढईत बघत हुते, बाई. माझ्या पाठीला काय डोळं हायेत?"

केदार बाहेर बागेत उभा होता. त्याच्याशी बोलताना नंदिनींना जाणवलं की त्याचा राग ताजा नाही, बराच शिळा आहे.

"त्या पेनच्या पिशवीवर कुणाची नजर असणार, सांगा ना," तो म्हणाला. "परेशचा बटाट्याच्या करप्याचा प्रकल्प हिवाळ्यात बंद पडला आणि त्याला स्वरांगीच्या हाताखाली टाकलं. तिला परिषदेचं बोलावणं आलं, त्याला नाही. जळतो तो."

"आणि तू?"

केदार हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मीही जळतो. कंपनीत मला कुणी विचारत नाही आणि इथं मंडळात मी 'स्वरांगीचा नवरा'. त्यावरून भांडलो आहे मी तिच्याशी. पण काल ती निळी पडत होती ना, ताई, तेव्हा मला कळलं की..."

तो खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. पण घाबरलेला माणूस आणि पस्तावलेला माणूस दुरून सारखाच दिसतो, हे नंदिनींना पक्कं माहीत होतं.

४

निशिगंधा, म्हणजे परेशची बायको, एका औषध कंपनीची कामं घरून करायची. तिने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे झोप न झाल्यासारखे दिसत होते. चहा मात्र तिने नीट आलं किसून केला.

"परेश कुठाय?"

"कामावर. सकाळीच गेला." ती कप पुसत होती, तो कधीच कोरडा झाला होता. "स्वरांगी कशी आहे?"

"सुधारतेय. तुझी तिची चांगली ओळख?"

"मंडळातली. कधी भेटलो तर. परेशचं तिच्याशी काही काम नसतं, तो बटाट्यावाला, ती काट्यावाली. इमारतीही वेगळ्या आहेत म्हणे." ते 'म्हणे' तिने जरा जास्तच स्पष्ट उच्चारलं.

परेशचा बटाटा हिवाळ्यातच संपला, हे केदारने नुकतं सांगितलं होतं. नंदिनींनी ते मनात ठेवलं. "कुणी पिशवी नेली असेल, तुला काय वाटतं?"

"कुणी नेली असं का धरायचं? पडली असेल. पाकीट नाही, फोन नाही, आणि ती एवढीशी अत्तराची पिशवी कोण चोरेल?" निशिगंधाने खिडकीबाहेर पाहिलं. "लोकांना उगाच नाटक हवं असतं."

तिच्या आवाजात कंटाळा होता आणि कंटाळ्याखाली दुसरंच काहीतरी. तिला स्वरांगीविषयी बोलायचं नव्हतं, तरी दर वाक्य फिरून तिच्यावरच येत होतं. तिचे कपडे, तिचे केस, पुरुष तिच्याभोवती कसे कोंडाळं करतात. "तुमचे उल्हासदादा सुद्धा," ती म्हणाली.

हे वाक्य नंदिनींना बरोबर लागलं. त्या लवकर उठल्या. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, आपण चौकशी अर्धी टाकून आलो. एका टोमण्याने.

परेश कामावर नव्हता, हे त्यांना माहीतच होतं. त्यांनी त्याला फोन लावला तर तो स्लीव्ह ब्लूम डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाच्या वाटेवरच्या गाडीतळावर होता. घरातून डबा घेऊन निघालेला तो तिथेच बसून राहिला होता. नंदिनी तिथे गेल्या आणि त्याच्या शेजारी गाडीत बसल्या.

"निशीला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? प्रकल्प बंद पडला तेच सांगितलं नव्हतं." परेश स्टिअरिंगकडे बघत बोलत होता. "मी तिच्या वडिलांसमोर मोठ्या गप्पा मारल्या होत्या. आणि मग मला माझ्याहून लहान मुलीच्या हाताखाली रोपं मोजायला बसवलं. दिवसभर तिच्या टनेलमध्ये, त्या प्लास्टिकच्या रोपघरात असतो मी, ताई. घरी सांगतो, बटाट्याच्या लॅबमध्ये होतो. स्वरांगीचा मला राग यायचा. ती हुशार आहे याचाच राग. पण ती पिशवी मी का घेईन? आमचाच नमुना गेला त्यात."

"कसला नमुना?"

"काचेची कुपी. आदल्या दिवशी दुपारभर बसून आम्ही गोळा केला होता. डब्लिनला एकाला तपासायला द्यायचा होता. स्वरांगीनं हॉलच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर ती कुपी त्या पिशवीत घातली, फुटू नये म्हणून. मी शेजारीच उभा होतो. दुसऱ्या कुणी ती पाहिलीही नसेल."

नंदिनींच्या मनात काहीतरी हललं; काहीतरी ऐकलं होतं आणि ते निसटलं होतं. घरी जाईपर्यंत त्या ते शोधत राहिल्या. मिळालं नाही.

५

त्या दिवशी उल्हास स्वरांगीच्या टनेलमध्ये रोपांना पाणी घालायला गेले होते. परेशला बंदी, स्वरांगी अंथरुणात. 'निदान एवढं तरी करू दे मला' असं म्हणून त्यांनी किल्ली मागून घेतली होती. ते परत आले, स्वेटर खुर्चीवर टाकून अंघोळीला गेले. नंदिनींनी सवयीने तो स्वेटर उचलला.

बाह्यांना वास होता. गोड, गुलाबासारखा, आणि मधासारखा जड. त्यांच्या घरात असलं अत्तर कधी नव्हतं.

स्वेटर हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो पुन्हा नाकाशी नेला, आणि पुन्हा. इतक्या वर्षांच्या संसारानंतर एका अनोळखी वासाने माणूस असा उभा चिरला जातो, हे त्यांनी कधी मानलं नसतं. कोण? कधीपासून? पुढची सगळी गोष्ट मनाने क्षणात रचूनसुद्धा टाकली.

उल्हास डोकं पुसत बाहेर आले. "कुणाला भेटलास?" नंदिनींनी विचारलं, आणि आपला आवाज ऐकून त्या स्वतःच दचकल्या.

"कुणाला भेटणार? माश्यांना!" उल्हास हसले. "अगं, काय प्रकार आहे तो! थिसलची रोपं, एकाही रोपाला फूल नाही, कळी नाही, आणि टनेलमध्ये शिरलो तर गुलाबाच्या बागेत आल्यासारखं. स्वरांगीनं सांगितलं होतं मागे, आज स्वतः पाहिलं. तांबेरा असतो तो, बुरशी. मुळांतून रोपात शिरते. रोप फिकट पडतं, उंच वाढतं, पण त्याला कधीच फूल येत नाही. फुलाचं काम ती बुरशीच करते. पानाखाली बारीक ठिपके उठतात, त्यातून गोड पाझरतं आणि हा वास सुटतो. माश्या, मुंग्या फूल समजून येतात, गोड चाटतात, आणि बुरशीचे कण या रोपावरून त्या रोपावर नेतात. त्याशिवाय तिची पुढची पिढी तयार होत नाही. अमेरिकेतल्या डोंगरात तर म्हणे एक तांबेरा आहे, तो मोहरीच्या नात्यातल्या रोपाची पानंच पिवळीधमक करून टाकतो. लांबून बघणाऱ्याला फूलच वाटतं. बाह्यांना चिकटलाय बघ तो चिकट रस, धुतल्याशिवाय जायचा नाही."

नंदिनी ऐकत होत्या, पण स्वेटर त्यांनी खाली ठेवला नव्हता.

"उल्हास," त्या सावकाश म्हणाल्या, "मला आत्ता वाटलं, तुझं बाहेर काहीतरी आहे."

उल्हासना आधी हसू आलं, मग बायकोचा चेहरा पाहून ते थांबलं.

"तू रोज या वासानं घरी आला असतास, आणि कुठे होतास ते खोटं सांगितलं असतंस, तर मी काय केलं असतं?" त्यांनी स्वेटर ठेवला. "आणि मग एक दिवस हाच वास मला दुसऱ्या बाईच्या अंगाला आला असता तर?"

निसटलेलं आता हाती आलं होतं. सुरेखाकाकूंची ती औषधाची पिशवी होती, केदारची पेनची, परेशची नमुन्याची. जो तो आपल्याला ठाऊक असलेलं नाव देत होता. भर हॉलमध्ये 'इंजेक्शन, इंजेक्शन' असा आरडाओरडा ऐकूनही एकच व्यक्ती तिला अत्तराची म्हणाली होती.

६

"मला कशाला आणलंत इथं?" निशिगंधाने विचारलं. दुपारचं ऊन टनेलच्या प्लास्टिकवर पसरलं होतं. नंदिनींनी दाराची कडी काढली.

"आत ये, मग सांगते."

आत फिकट, उंच, काटेरी रोपांच्या रांगा होत्या. फूल एकही नव्हतं. पानापानाशी माश्या घोंघावत होत्या आणि सगळी हवा त्या गोड वासाने भरली होती.

निशिगंधा दोन पावलं आत आली आणि थांबली. तिने श्वास घेतला. तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

"परेशच्या स्वेटरला हाच वास होता ना?" नंदिनी म्हणाल्या. "त्याचा बटाट्याचा प्रकल्प हिवाळ्यातच बंद पडला. तेव्हापासून तो इथे काम करतो, स्वरांगीच्या हाताखाली. लाजेनं त्यानं तुला सांगितलं नाही. तू वास घेत राहिलीस आणि तो खोटं बोलत राहिला. मग त्या दिवशी हॉलमध्ये स्वरांगी तुला भेटली, मिठी मारली असेल..."

"मिठी मारली," निशिगंधा म्हणाली. "तिच्या केसांनासुद्धा."

"तू काकडी चिरत होतीस. काकूंचं लक्ष कढईत. पर्स उघडलीस ती अत्तराची बाटली शोधायला. कुपी पिशवीत सापडली. ती कुपी परेश आणि स्वरांगी सोडून कुणी पाहिलेली नव्हती, निशिगंधा. आणि तिला अत्तर म्हणेल अशी तर तू एकटीच."

एक माशी निशिगंधाच्या बाहीवर बसली. तिने ती हाकलली नाही.

"टोपण उघडून वास घेतला मी," ती म्हणाली. "तोच होता. मला पुरावा हवा होता. रात्री त्याच्यापुढे ठेवणार होते आणि विचारणार होते, आता बोल. पिशवी तशीच कोटाच्या खिशात टाकली. आत आणखी काय आहे ते बघितलंच नाही, आईशप्पथ नाही बघितलं."

"ते मला पटतं. पण मी हॉलमध्ये ओरडले, तेव्हा?"

निशिगंधाने आता ती माशी झटकली.

"तेव्हा कळलं," निशिगंधा म्हणाली. "कोट माझ्या अंगावर होता. खिशात हात घातला, तर पेन हाताला लागलं. काढलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, हिच्या खिशात कसं? मग सगळ्यांपुढे सांगावं लागलं असतं की माझा नवरा... आणि ताई..." तिचा आवाज खोल गेला. "एवढंच नाही. एक क्षण मला वाटलं, जाऊ दे हिला. खरंच वाटलं. मग केदार धावत गेला, ती बाई आली, आणि मी तशीच उभी."

कालच एका स्वेटरच्या बाहीपाशी स्वतः काय काय रचलं होतं, ते नंदिनींना आठवत होतं. पण त्यांच्या खिशात कुणाचा जीव नव्हता.

"गाडीत बस," त्या शेवटी म्हणाल्या. "पिशवी घेऊ आणि स्वरांगीकडे जाऊ. सांगायचं तू."

७

स्वरांगी घरी आली होती. पांघरूण घेऊन सोफ्यावर बसली होती, शेजारी केदार. नंदिनींनी फोन करून परेशलाही बोलावलं होतं. तो दाराशीच उभा राहिला. सुरेखाकाकू स्वयंपाकघराच्या चौकटीत.

निशिगंधाने खणाची पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्या एका क्षणाचंही नाही. केदार उठला, त्याच्या मुठी वळल्या होत्या. स्वरांगीने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"निशी," परेश पुढे आला, "माझी चूक आहे. मी जर सांगितलं असतं..."

"तू गप्प बस," निशिगंधा म्हणाली. "तुझं नंतर."

स्वरांगीने पिशवी उघडली. पेन काढून मांडीवर ठेवलं, कुपी उजेडात धरली. तळाशी थोडासा रस अजून होता.

"मी हे शिकवते लोकांना," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "फुलाचा वास आला म्हणजे तिथे फूल असतंच असं नाही. माशी फसते. तिचं काही चुकत नाही, ती ज्या वासावर जगत आली त्याच्यामागे जाते. तुला माझ्या केसांना तो वास आला आणि तू फसलीस, त्याचा मला राग नाही. मी पण फसले असते." ती थांबली, श्वास घेतला. "पण ताई ओरडल्या तेव्हा वास कुठे होता, निशिगंधा? तेव्हा तुझ्या हातात पेन होतं. मी खाली पडून सगळ्यांचे पाय बघत होते. तुझे पण बघितले असतील."

निशिगंधा रडली नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं.

"गार्डांकडे जायचं तर मी जाते," ती म्हणाली.

"जायचं की नाही ते मी ठरवीन. आज नाही ठरवत, आज माझ्यात बळ नाही. पण एक आजच व्हायला हवं. परेशवर आळ आहे. तो केदारनं घातला, उतरवायचा तू. मॉरीन संध्याकाळपर्यंत ऑफिसात असते."

मॉरीन म्हणजे केंद्राच्या डायरेक्टर.

"मीही फोन करतो," केदार जड आवाजात म्हणाला. परेशकडे न बघता तो पुढे बोलला, "चुकलं माझं. मला कुणीतरी हवं होतं, आणि तू सोपा होतास."

नंदिनी दोघांना घेऊन केंद्रावर गेल्या. कुंपणांवर मेफ्लॉवरची काटेरी झुडपं पांढरी फुलली होती, ट्रॅक्टरमागे गाड्यांची रांग लागली होती. वाटेत निशिगंधाने विचारलं, "मी पेन लगेच दिलं असतं तर तिला एवढा त्रास झाला असता?"

नंदिनींना खोटं बोलता आलं असतं. "नाही," त्या म्हणाल्या. "एवढा झाला नसता."

निशिगंधाने मान हलवली, जणू हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

केंद्राच्या दारात ती एकटीच उतरली. परेश गाडीतच बसून राहिला, हात मांडीवर. निशिगंधा काचेच्या दारापर्यंत गेली, आत स्वागतकक्षातल्या मुलीशी काहीतरी बोलली, आणि ती मुलगी फोन उचलू लागली.

"उतर," नंदिनी म्हणाल्या.

"मी काय बोलू तिथं? आळ तर माझ्यावर होता."

"हिवाळ्यापासून तू कुठे काम करतोस ते बोल. तिच्यासमोर, तुझ्या तोंडानं. ते तिनं अजून तुझ्याकडून ऐकलेलं नाही."

परेशने दार उघडलं. शर्टाची बाही त्याने एकदा नाकाशी नेली, पुन्हा खाली केली, आणि भराभर पावलं टाकत तो आत गेला. काचेपलीकडे निशिगंधाने वळून पाहिलं. ती त्याच्याकडे सरकली नाही; पण जिना चढताना दोन पायऱ्यांवर थांबून, तो बरोबरीला येईपर्यंत ती वाट बघत राहिली.